खोडरबर बाजूला ठेव, गोंडा वाचेल

वाचकाचं पत्र:

दादा नमस्कार, मी कोल्हापूरचाच, सुभाषनगरात राहतो, बी.कॉम. झालंय. बाबा आणि काका चप्पल बनवतात. आजवर माल चप्पल लाईनच्या दुकानदारांकडं जायचा, आता मी इन्स्टावर पेज काढून थेट विकायला सुरुवात केलीय. फोटो मोबाईलवरच काढतो आणि एका ॲपमधे बॅकग्राउंड उडवतो. पण गोंडा अर्धा कापला जातो, वेणीच्या फटीतनं खालच्या सतरंजीचा लाल रंग तसाच दिसतो, आणि गिऱ्हाईक विचारतात फोटो खरा आहे का नेटवरनं उचललाय. म्हणून फोटो एडिटिंग शिकायला घेतलं तर व्हिडिओत प्रत्येकजण वेगळंच टूल सांगतोय, कोण मॅजिक वाँड म्हणतोय, कोण पेन टूल, कोण चॅनेल, आणि मास्क म्हणजे नेमकं काय, सिलेक्शन कुठं संपतं आणि मास्क कुठं सुरू होतो ते तर डोक्यावरनंच जातंय. मी सध्या इरेजरनं खोडतो, ते चुकीचं आहे का? घरचा कॉम्प्युटर जुना आहे, ४ जीबी रॅम. राजारामपुरीत एक क्लास आहे, फी बरीच सांगतायत, लावू का? का सरळ कुणाला तरी पैसे देऊन करून घेऊ? बाबा म्हणतात चप्पल ही पायात घालून बघायची वस्तू, फोटोला काय नटवायलायस.
गोंडेवाला, कोल्हापूर

भावा,

पत्र वाचलं, सोबतचे फोटो पण मोठे करून बघितले. बाबांचं म्हणणं आधी घेतो कारण त्यात तथ्य आहे. कोल्हापुरी ही पायात सरकवून, चार पावलं चालून, करकर ऐकून घ्यायची वस्तू. पण जो गिऱ्हाईक पुण्यात नाहीतर बेंगलोरला बसलाय त्याला यातलं काहीच करता येत नाही, त्याच्यासमोर फक्त तुझा फोटो आहे. त्यामुळं फोटो नटवायचा नाहीच आहे, बाबांनी आणि काकांनी जे हातानं केलंय ते जसंच्या तसं त्याच्यापर्यंत पोचवायचंय. आणि तुझ्या फोटोत नेमकं तेच कापलं जातंय, गोंडा आणि वेणी, म्हणजे ज्याच्यासाठी माणूस कोल्हापुरी घेतो तेच. गिऱ्हाईकाला शंका येते यात त्याची काही चूक नाही. म्हणून शिकच तू हे, आणि नीट शीक.

आता इरेजर. इरेजरनं होतं काय की फोटोतला तो भाग खरोखर पुसला जातो. गोंड्याचे चार धागे चुकून गेले, तू फाईल सेव्ह करून बंद केलीस, की गेले ते कायमचे, मग परत पहिल्यापासून. मास्कमधे फोटोला हातच लागत नाही. लेयरला, म्हणजे फाईलमधे एकावर एक ठेवलेल्या चित्रांच्या थरांतल्या एका थराला, एक दुसरं काळं-पांढरं चित्र जोडलं जातं आणि ते चित्र सांगतं की कुठला भाग दाखवायचा आणि कुठला झाकायचा. पांढरं असेल तिथं फोटो दिसतो, काळं असेल तिथं झाकला जातो, करडं असेल तिथं अर्धवट दिसतो. बस, मास्क म्हणजे एवढंच. त्या चित्रावर तू साध्या ब्रशनं काळा किंवा पांढरा रंग मारायचास, चुकून जास्त झाकलं गेलं तर एक्स दाबला की रंग उलटा होतो, पांढरा मार, धागे परत येतात. आठवड्यानं आले, महिन्यानं आले तरी येतात, कारण ते कुठं गेलेलेच नसतात. म्हणून माझं सांगणं स्पष्ट आहे, आजपासून इरेजर बंद. खोडायचं नाही, झाकायचं. बाकी सगळी टूल्स एक एक करून येतील पण ही सवय पहिली लागली पाहिजे.

तू लिहिलंयस की सिलेक्शन कुठं संपतं आणि मास्क कुठं सुरू होतो तेच कळत नाही. अरे ते एकच आहे. सिलेक्शन म्हणजे एवढाच भाग घ्यायचाय म्हणून तात्पुरतं दाखवलेलं बोट, कंट्रोल डी दाबलं की गेलं. तेच बोट कायमचं लेयरला चिकटवून ठेवलं की मास्क. आत दोन्हीकडं तोच काळ्या-पांढऱ्याचा हिशोब असतो, शून्य ते २५५, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ छटा. आणि यातच एक गोष्ट आहे जी व्हिडिओवाले फारसं सांगत नाहीत. सिलेक्शनभोवती ज्या मुंग्या फिरताना दिसतात ना, ती रेघ फक्त निम्म्याची असते. म्हणजे जिथं पिक्सेल ५० टक्क्यांपेक्षा जास्त सिलेक्ट झालाय तेवढंच मुंग्यांच्या आत दिसतं. कड मऊ असेल तर तिच्याबाहेर पण थोडं थोडं सिलेक्शन असतं, ते तुला दिसतच नाही. त्यामुळं मुंग्यांवर विश्वास ठेवून गोंड्याचं काम होत नाही. फोटोशॉपमधे क्यू दाबून क्विक मास्क चालू कर, न निवडलेल्या भागावर लाल पातळ थर येतो आणि कड कुठं पक्की, कुठं विरळ ते स्वच्छ दिसतं. गिंप नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यात शिफ्ट क्यू. तो लाल रंग पण उगाच नाही, पूर्वी छपाईच्या कामात लाल फिल्म ब्लेडनं कापून मास्क करायचे, तिथनं आलाय. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या प्रेसवाल्याला विचार, त्यानं हे हातानं केलेलं असण्याची शक्यता आहे.

प्रत्येकजण वेगळं टूल का सांगतोय याचं कारण पण साधं आहे. फोटोशॉप आलं १९९० ला, त्यात लेयर आले १९९४ ला. त्याच्याआधी ज्यांनी काम केलं त्यांना सिलेक्शन ठेवायचं तर चॅनेलमधेच, म्हणजे फोटोतला लाल, हिरवा, निळा रंग जिथं वेगवेगळा काळ्या-पांढऱ्यात ठेवलेला असतो तिथंच, ठेवायला लागायचं, म्हणून त्या वळणाची माणसं आजही चॅनेलनंच शिकवतात. मग सिलेक्शनची कड सुधारणारं रिफाईन एज आलं, २०१६ ला त्याच्या जागी सिलेक्ट अँड मास्क आलं, २०१८ ला सिलेक्ट सब्जेक्ट आलं, एका क्लिकमधे वस्तू ओळखणारं. ज्यानं ज्या वेळी शिकलं त्याला तेच बरोबर वाटतं, आणि खरं सांगायचं तर सगळेच बरोबर आहेत, फक्त प्रत्येकाच्या डोळ्यासमोरची कड वेगळी आहे. तू टूल बघून काम निवडायलायस, उलटं कर, आधी कड बघ.

तुझी चप्पल घे की समोर. तिच्यात तीन जातीच्या कडा आहेत. तळाची कड, लांब आणि पक्की. पट्ट्याची आणि वेणीची कड, पक्की पण बारीक आणि मधे मधे फटी. आणि गोंडा, ज्याला कडच नाही, नुसते धागे. या तिन्हीला एकच टूल लावलं की तुझ्या ॲपसारखं होतं, कुठंतरी मार खाणारच.

तळाला पेन टूल. पहिल्यांदा लई किचकट वाटतं, दोन दिवस शिव्या घालशील, पण याला पर्याय नाही. बाबा रापीनं तळ कापताना बघ, ते छोटे छोटे तुकडे तोडत नाहीत, वळण बघून हात फिरवतात आणि जिथं वळण बदलतं तिथंच थांबतात. पेन टूलचा पॉईंट पण तसाच द्यायचा, वळण जिथं बदलतं तिथंच. नवीन पोरं पॉईंटवर पॉईंट टाकत जातात आणि तळाची कड खडबडीत होते, उंदरानं कुरतडल्यासारखी. क्लिक करून माऊस न सोडता ओढ, दांडी बाहेर येते, दांडीनं वळण बसव. आणि रेघ कडेच्या बरोबर वर नको, अगदी एक पिक्सेल आत ठेव, म्हणजे मागचा रंग येणार नाही. फोटोशॉपमधे कंट्रोल एंटर दाबलं की त्याचं सिलेक्शन होतं. पाथला नाव देऊन सेव्ह केलंस की तो फाईलमधेच राहतो, मग हवं तेव्हा परत.

मॅजिक वाँडचं थोडक्यात सांगतो. तो तू क्लिक केलेल्या पिक्सेलच्या रंगाशी जुळणारे आजूबाजूचे पिक्सेल गोळा करतो, किती जुळलं पाहिजे ते टॉलरन्स ठरवतं, फोटोशॉपमधे ते आधीपासून ३२ असतं. चामड्यावर तो चालत नाही, कारण चामड्याचा रंग जागोजागी बदलतो. पण मागं पांढरा कागद असेल तर कागदावर क्लिक कर, सगळा कागद सिलेक्ट होईल, मग सिलेक्शन उलटं कर की चप्पल मिळाली. कच्चं काम पटकन होतं, कडा नंतर हातानं.

वेणी आणि पट्ट्याच्या फटी हातानंच करायच्या. मास्कवर जा, २०० टक्के झूम कर, ब्रश छोटा घे, आणि प्रत्येक फटीत काळा भर. अंगठ्याच्या आतली पोकळी, पट्टा आणि तळ यांच्यामधली जागा, चपलीच्या कानाच्या, म्हणजे बाजूच्या पाकळीच्या मागचा भाग, हे सगळे विसरतात. तुझ्या तिसऱ्या फोटोत अंगठ्यातनं सतरंजी दिसतीय बघ, आणि एकदा डोळा तिथं गेला की बाकी कितीही चांगलं असू दे, फोटो खोटा वाटायला लागतो. ब्रशचा हार्डनेस फोटोच्या फोकसप्रमाणं ठेव, पुढचा पट्टा फोकसमधे असेल तर ८० ते ९० च्या आसपास, टाच जराशी ब्लर असेल तर तिथं कमी. सगळीकडं एकाच धारेची कड असली की चप्पल कात्रीनं कापून चिकटवल्यासारखी दिसते.

आणि एक गोष्ट, ज्याच्यात सगळे अडकतात. ब्रश मारायच्या आधी लेयर पॅनेलमधे बघ, चौकट फोटोच्या छोट्या चित्राभोवती आहे का मास्कच्या. फोटोभोवती असेल तर तू चपलीवर काळा रंग फासायलायस. आल्ट धरून मास्कवर क्लिक केलंस की नुसता मास्क दिसतो, शिफ्ट धरून केलंस की मास्क थोडा वेळ बंद होतो आणि पूर्ण फोटो दिसतो, हे दोन्ही सारखं करत राहा. गिंपमधे बंद करायला शिफ्टच्या जागी कंट्रोल.

आता गोंडा. याच्यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण तुझं दुखणं इथंच आहे.

तुझा गोंडा लाल आहे. फोटो पांढऱ्या कागदावर काढलास असं समज. फोटोशॉपमधे चॅनेल पॅनेल उघड आणि रेड, ग्रीन, ब्लू एक एक करून बघ. रेडमधे गोंडा जवळजवळ गायब झालेला दिसेल, कारण पांढऱ्यात लाल भरपूर असतो आणि गोंड्यातही लाल भरपूर, दोघं सारखेच उजळ. ग्रीनमधे बघितलंस तर गोंडा काळाभोर आणि कागद पांढरा, एक एक धागा वेगळा. म्हणजे फोटोनंच तुझा मास्क अर्धा करून ठेवलाय, तुला फक्त उचलायचाय. ग्रीन चॅनेलची कॉपी कर, मूळ चॅनेलला हात लावायचा नाही. कॉपीवर लेव्हल्स लाव, काळं थोडं अजून काळं, पांढरं थोडं अजून पांढरं. मग कंट्रोल आय दाबून उलटं कर, कारण मास्कमधे पांढरं दिसतं आणि आपल्याला गोंडा दाखवायचाय. कंट्रोल धरून त्या चॅनेलवर क्लिक केलं की ते सिलेक्शन होतं. ते गोंड्यापुरतंच वापर, बाकी चपलीचं आपण पेननं आधीच केलंय, दोन्ही एकाच मास्कवर आण. गिंपमधे हेच करायला कलर्स, कंपोनंट्स, डिकंपोज असं जा, तिन्ही चॅनेल वेगवेगळे लेयर होऊन येतात. गोंडा हिरवा असेल तर ग्रीन सोडून बाकीचे दोन बघ, पिवळा असेल तर ब्लू. चामड्याच्या तपकिरी रंगाला पण ब्लूच सगळ्यात गडद येतो.

लेव्हल्स लावताना हात आवरायचा. धाग्याची टोकं करड्यात राहिली पाहिजेत, सगळं काळं-पांढरं करून टाकलंस की गोंडा ठोकळा होतो. करड्याची किंमत बघायची असेल तर चैत्रात जोतिबाच्या यात्रेतला एखादा फोटो घे आणि उधळलेला गुलाल सिलेक्ट करायचा प्रयत्न कर. गुलालाला कड आहे का? नाही. मागचं शिखर त्याच्यातनं दिसतं, कुठं जास्त कुठं कमी. तिथं मास्क पूर्ण पांढरा करून चालत नाही, पूर्ण काळा करून पण नाही, निम्मा, पाव, पाऊण असाच ठेवायला लागतो. तो एक फोटो नीट जमला तर गोंडा तुला सोपा वाटेल.

चॅनेलचा कंटाळा आला तर सिलेक्ट अँड मास्कमधे रिफाईन एज ब्रश आहे, तो गोंड्याच्या टोकांवरनं फिरव, बऱ्याचदा काम होतं. पण गोंड्यावरच हां, तळाच्या कडेवर फिरवलास तर पक्की कड धुरकट होते.

हे सगळं केल्यावर पण कडेला लालसर नाहीतर निळसर रेघ राहते, तुझ्या फोटोत आहेच. त्याचं कारण सिलेक्शनमधे कमी आणि फोटोत जास्त आहे. कडेवरचा पिक्सेल कधीच शंभर टक्के चपलीचा नसतो, त्यात थोडं चामडं थोडी सतरंजी अशी भेसळ असते. पांढऱ्यावर आणलं की ती सतरंजी उठून दिसते. फोटोशॉपमधे यासाठी डीकंटॅमिनेट कलर्स आहे, डीफ्रिंज आहे, मास्क एक पिक्सेल आत ओढता येतो, सगळं चालतं. पण माझं ऐकशील तर सतरंजीवर फोटो काढणंच बंद कर. स्टेशनरीच्या दुकानातनं मोठी पांढरी कार्डशीट आण, भिंतीला टेकवून खाली वळवून सोड म्हणजे मधे कोपऱ्याची रेघ येत नाही, खिडकीजवळ ठेव, थेट ऊन नको. दुसऱ्या बाजूला थर्माकोल उभा कर, सावलीकडची बाजू उजळते. आपल्याकडं जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं असतं, लोक म्हणतात उजेड नाही, पण तसला मऊ उजेड चामड्याला फार छान असतो, फक्त मोबाईल कशाला तरी टेकवून टायमर लाव म्हणजे हलणार नाही. मोबाईल अगदी जवळ नेऊन काढू नको, अंगठा मोठा आणि टाच बारकी दिसते, जरा मागं सरकून झूम लेन्स असेल तर ती वापर. आणि पोर्ट्रेट मोड बंद. पोर्ट्रेट मोड म्हणजे मोबाईलनं स्वतःच केलेला मास्क असतो, तो गोंड्याची टोकं आधीच ब्लर करून देतो, मग तू काय डोकं फोडलंस तरी ते धागे परत येत नाहीत.

मास्क झाला का नाही हे पांढऱ्यावर बघून कळत नाही. चपलीच्या खाली एक सॉलिड कलरचा लेयर टाक, भडक हिरवा. राहिलेले ठिपके, कापलेले कोपरे, फटीतला कचरा लगेच दिसतो. मग तोच लेयर काळा करून बघ, मग पांढरा. तिन्हीवर ठीक दिसलं तर मास्क ठीक.

सावलीबद्दल तू काही विचारलं नाहीस पण फोटो खोटा वाटायचं मोठं कारण तेच आहे. तू बॅकग्राउंडबरोबर सावली पण उडवतोस, मग चप्पल हवेत तरंगते. पांढऱ्या कागदावर फोटो काढलास तर खरी सावली तिथंच असते, तीच वापर. मूळ फोटोची एक कॉपी कापलेल्या चपलीच्या खाली आणि पांढऱ्या लेयरच्या वर ठेव, ब्लेंड मोड मल्टिप्लाय कर, लेव्हल्सनं कागद पूर्ण पांढरा होईपर्यंत उजळ, आणि त्या कॉपीला पण मास्क लावून मऊ मोठ्या ब्रशनं तळाच्या जवळची सावली तेवढी ठेव. चप्पल एकदम जमिनीवर बसते. अमेझॉनसारख्या ठिकाणी टाकणार असशील तर लक्षात ठेव, मुख्य फोटोत तिथं शुद्ध पांढरं बॅकग्राउंड लागतं, तिन्ही आकडे २५५, आणि वस्तूनं फ्रेमचा किमान ८५ टक्के भाग भरलेला पाहिजे. इन्स्टावर तसलं काही बंधन नाही, तिथं सावली भरपूर राहू दे.

मास्क फक्त बॅकग्राउंड उडवायला असतो असं समजू नको. कर्व्हज किंवा ह्यू सॅच्युरेशनचा ॲडजस्टमेंट लेयर टाकलास की त्याच्याबरोबर मास्क आपोआपच येतो. मास्क सगळा काळा कर आणि फक्त गोंड्यावर पांढरा ब्रश मार, मग गोंडाच उजळेल, चामड्याचा रंग बदलणार नाही. तसंच शिलाईवर सावली आली असेल तर तेवढीच उचलता येते. पण रंगाच्या बाबतीत मी कडक आहे. बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेल्या चामड्याचा जो रंग आहे तो तसाच ठेव, तेल पिऊन तो पुढं गडद होतो हे गिऱ्हाईकाला सरळ लिहून सांग. फोटोत केशरी भडक केलास, हातात तपकिरी पडली, की चप्पल परत येणार आणि नाव जाणार. २०१९ ला कोल्हापुरी चपलीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, ते नाव महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांतल्या कारागिरांचं आहे, तुझ्या एकट्याचं नाही. कार्डशीट फोटोत पांढरीच दिसतीय का एवढं बघितलंस तरी रंग बऱ्यापैकी खरा येतो. आणि डाव्या उजव्या चपलीत हातकामाचा जो थोडा फरक असतो तो क्लोन स्टॅंपनं पुसू नको, तोच तुझा पुरावा आहे.

४ जीबी रॅमचं टेन्शन घेऊ नको, पण फोटो बारका करून घे. मोबाईलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो उघडला की एक लेयर साधारण ३६ एमबी खातो, लेयर वाढले की वाढत जातं, त्यात ब्राउझरमधे वीस टॅब असले की बसलंच. लांब बाजू २००० पिक्सेल ठेवलीस तर तुझ्या कामाला भरपूर झाली. सॉफ्टवेअर म्हणशील तर फोटोपी वापर, ब्राउझरमधे चालतं, फुकट आहे, फोटोशॉपची पीएसडी फाईल उघडतं, दिसायला आणि शॉर्टकटला बरंचसं फोटोशॉपसारखंच, त्यामुळं उद्या फोटोशॉपवर गेलास तर परत शिकायला नको. जाहिराती दिसतात, तेवढं सोस. नाहीतर गिंप, पूर्ण फुकट, २०२५ ला त्याचं ३.० आलंय आणि त्यात फिल्टर आता मूळ फोटो न बिघडवता लावता येतात, पूर्वी हीच त्याची मोठी उणीव होती.

तुझं ते ॲप पण टाकून देऊ नको. त्यातनं येणारा पीएनजी मूळ फोटोच्या वर नवीन लेयर म्हणून आण, साईज जुळवून बरोबर एकावर एक बसव. कंट्रोल धरून त्या लेयरच्या छोट्या चित्रावर क्लिक कर, ॲपनं कापलेल्या आकाराचं सिलेक्शन मिळेल. मग मूळ फोटोच्या लेयरवर जा आणि मास्कचं बटण दाब, ॲपचा लेयर डिलीट. आता ॲपनं केलेलं काम मास्क होऊन तुझ्या पूर्ण फोटोवर बसलं, आणि त्यानं कापलेला गोंडा पांढऱ्या ब्रशनं परत आणता येतो. निम्मं काम मशीननं केलं, उरलेलं निम्मं म्हणजे खरं काम तू कर. सुरुवातीला असंच कर, रोजच्या पोस्ट थांबायला नकोत.

क्लासबद्दल. फी भरायच्या आधी एक तास बसू देतात का विचार, आणि सर बॅकग्राउंड काढताना इरेजर उचलतात का मास्क ते बघ. इरेजर उचलला तर उठून ये. मास्क उचलला तर दुसरा प्रश्न विचार, माझ्या चपलीच्या फोटोवर शिकवणार का, का तुमच्याकडच्या ठरलेल्या फुलाच्या आणि गाडीच्या फोटोवर. तुझ्या फोटोवर शिकवणार असतील तर लाव, पैसे वसूल होतील. नाहीतर कलानिकेतन नाहीतर दळवीज अशा आपल्या चित्रकलेच्या कॉलेजात शिकणारा एखादा मित्र गाठ, आपल्या गावात तसली पोरं गल्लोगल्ली आहेत. ड्रॉईंग केलेल्या माणसाला कड बघायची सवय असते, कुठं पक्की कुठं विरळ ते त्याला सांगायला लागत नाही. त्याच्याबरोबर चार संध्याकाळी एकाच फोटोवर बस, आणि त्याला एक चांगली कापशी चप्पल दे.

बाहेरनं करून घ्यायचं म्हणशील तर आत्ता नको. पुढं माल वाढला, दिवसाला वीस-पंचवीस जोड यायला लागले तर दे की, त्यात कमीपणा काही नाही. पण तोवर तुला स्वतःला कळलं पाहिजे की मास्क चांगला झालाय का नाही, आणि देताना पण सांगायचं की मला नुसता जेपीजी नको, लेयर आणि मास्क असलेली फाईल दे. नुसता जेपीजी घेतलास तर पुढच्या दिवाळीला बॅकग्राउंड बदलायचं म्हटलं तरी परत त्याचेच पाय धरायला लागतील.

फाईल ठेवायची पद्धत पण आत्ताच लाव. फोटोपी नाहीतर फोटोशॉपमधे पीएसडी, गिंपमधे एक्ससीएफ, ही तुझी मूळ प्रत, तिला हात लावायचा नाही. टाकायला जेपीजी, आणि मागचं पारदर्शक हवं असेल तर पीएनजी, कारण जेपीजीमधे पारदर्शक काही राहत नाही. प्रत्येक फाईलला जोडाचं नाव आणि नंबर दे, बाबा ज्या नावानं ओळखतात त्याच नावानं, म्हणजे ऑर्डर आली की दोघांना एकच कळेल.

पहिला जोड लाल गोंड्याचाच घे, कार्डशीटवर, खिडकीजवळ. झाला की मला जेपीजी पाठवू नको, पीएसडी पाठव, मास्क उघडून बघतो आणि कुठं काय राहिलंय ते कळवतो.

तुझा दादा